चौगुले बाईंचा अर्ज

बाळाला बघायच्या आधी सिस्टरनं मला दोनदा हात धुवायला लावले. एकदा आल्या आल्या, आणि मी पदराला हात पुसले म्हणून पुन्हा एकदा.

"आता पुसू नका. असेच वाळू देत," ती म्हणाली.

ओले हात पुढं धरून मी खाटेशी गेले. उशाशी चौगुले बाई बसल्या होत्या. विजयमाला चौगुले, हरपोलीच्या आमच्या हायस्कूलमधल्या विज्ञानाच्या बाई. आमच्या म्हणजे खरं तर त्यांच्याच. मी तिथं त्यांच्या बाळंतपणाच्या रजेपुरती होते, तीन महिन्यांची ऑर्डर घेऊन. त्यांच्या खुर्चीवर बसायचे, त्यांचे तास घ्यायचे, त्यांच्या कपाटातल्या परीक्षानळ्या धुऊन पुसून परत कपाटात ठेवायचे. त्या माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण शाळेत सगळ्याच एकमेकींना बाई म्हणायच्या, म्हणून आम्हीही म्हणायचो.

मुलगी साडेसात महिन्यांची जन्मली होती. महिनाभर काचेच्या पेटीत काढून घरी गेली, आणि आता न्यूमोनिया होऊन पुन्हा गडहिंग्लजच्या दवाखान्यात आली होती. तीन महिन्यांची झाली तरी वजन तीन किलो भरत नव्हतं. श्वास घेताना तिच्या बरगड्या मोजता येत होत्या.

"रात्रभर कण्हत होती बघा," चौगुले बाई म्हणाल्या. "आज सकाळी जरा दूध ओढलं. डॉक्टर म्हणतात, दूध ओढलं की निम्मी लढाई जिंकली."

"नाव काय ठेवलंत?"

"ठेवलं न्हाई अजून. आधी बरी होऊ दे, मग बारसं."

वर्गातलं काय चाललंय ते त्यांनी विचारलं. आठवीला फुलाचे भाग शिकवले का, जास्वंद प्रत्येकाच्या हातात दिली का, की नुसतं फळ्यावर चित्र काढलं. मी चित्र काढलं होतं. "दिली की," मी म्हणाले. मग त्यांनी उशीखालून एक फुलस्केप कागद काढला, चौघडी घातलेला.

"बाई, एक काम करा. माझी रजा आज संपली. उद्या हजर व्हायला पाहिजे, पण हिला अशी टाकून कशी येऊ? महिनाभर रजा वाढवून मागितलीय. डॉक्टरांचा दाखला आतच टाचलाय. तेवढा सरांच्या हातात द्या."

"पोस्टानं नाही पाठवलात?"

"पोस्टाचं काय सांगावं? शनिवार गाठंल, न गाठंल. तुमच्या हातनं उद्याच पोचतोय." मग हसून म्हणाल्या, "आणि तुमचीपण ऑर्डर महिनाभर वाढतीया की त्यात."

ते खरंच होतं. त्यांची रजा वाढली की माझे दिवस वाढणार होते. म्हणून तर त्यांच्या मनात माझ्याविषयी शंका यायचं काही कारणच नव्हतं. तेव्हा माझ्याही मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. कागद पर्समध्ये ठेवला, बाळाच्या पायाला एक बोट लावलं आणि साडेपाचची एसटी पकडली.

शनिवार का, ते सांगायला हवं. आमचे मुख्याध्यापक कुरणे सर शिस्तीचे खरे, पण मस्टरच्या बाबतीत त्यांची एक सवय होती. कुणी आलं नाही की त्या चौकोनात ते लगेच काही लिहायचे नाहीत. रिकामा ठेवायचे. पंचक्रोशीतली माणसं, कुणाचं घर डोंगरापलीकडं, कुणाच्या घरी फोन नाही, अर्ज कुणाच्या तरी हाती यायचा आणि यायला वेळ लागायचा. शनिवारी अर्धी शाळा सुटली की सर मस्टर पुढं ओढायचे आणि आठवड्याचे रिकामे चौकोन भरायचे. अर्ज आलेला असला तर रजा, नसला तर लाल शाईनं 'गै', म्हणजे गैरहजर, तेही बिनपरवानगी. अर्जाची पोहोच मात्र कुणी मागायचं नाही आणि कुणी द्यायचं नाही. सहकाऱ्याकडं पोहोच मागणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, असं समजलं जायचं.

माझी ऑर्डर संपली होती, पण चौगुले बाई हजर होईपर्यंत वर्ग माझ्याकडंच होते. सोमवारी मी अर्ज घेऊन ऑफिसात गेले. कुरणे सर कोल्हापूरला शिक्षणाधिकाऱ्यांकडं गेले होते. टेबलाशी हेडक्लार्क इंगवले पान जुळवत बसले होते. अर्ज माझ्या हातातल्या हजेरीपटात होता. तो काढून त्यांना द्यायचा आणि वर्गावर जायचं, एवढंच काम होतं.

"या खाडे बाई," इंगवले म्हणाले. "तुमचं नशीब फळफळणार बगा."

"ते कसं?"

"चौगुले बाई आज आल्या न्हाईत. रजा काल संपली. आनि आपल्या संस्थेचं चेअरमन सायेब काय म्हनतात ठावं हाय? बायका घेतल्या की शाळंला पाळना बांधावा लागतो म्हनं. प्रोबेशनवर हाय ती अजून. शनवारपतोर कागूद आला न्हाई, तर गैरहजर धरून रविवारच्या मीटिंगमदी तिचा निकाल. मग त्या जागंवर कोन? सायन्सची बी.एड. बाई ह्या डोंगरात दुसरी कुठली हाय?"

हजेरीपटातून बाहेर आलेला अर्जाचा कोपरा मी आत सारला.

"तुमचं काय काम हुतं?"

"काही नाही. सहज आले होते," मी म्हणाले, आणि हजेरीपट छातीशी धरून बाहेर पडले.

आता माझं सांगते. सहा वर्षं मी बदली बाई होते. जिल्ह्यातल्या कुठल्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईला दिवस गेलेत, याची खबर सुईणीच्या आधी मला असायची. बायका बाळंत व्हायच्या आणि माझी चूल पेटायची. आजऱ्याला तीन महिने, चंदगडला तीन, मधे एकीला जुळी झाली म्हणून पाच. रजा संपून ती बाई आली की मुलं तिच्याकडं धावायची आणि मी ट्रंक भरायला लागायचे. माझे यजमान टेम्पोवर ड्रायव्हर, त्यांना गाव कुठलंही चालायचं. पण आमची मुलगी, पिंकी, तीन वर्षांत चार गावांत राहिली होती. कुठल्याच गावात तिला मैत्रीण झाली नव्हती. नवी खोली घेतली की ती आधी विचारायची, "इथं किती दिवस?"

आणि पिंकीच्या वेळी मी चंदगडला होते. सातवा लागला तसं तिथल्या मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, तुमची ऑर्डर या महिनाअखेरीला संपवतोय. तुम्हालाही विश्रांती पाहिजेच की." हंगामी बाईला कसली आलीय रजा. माझ्यासाठी कुणी चौकोन रिकामा ठेवला नव्हता. मला तेव्हा त्या सरांचा राग आला नाही, नवल म्हणजे राग आला तो कायम असलेल्या बायकांचा. त्यांची बाळंतपणं मी सांभाळायची आणि माझं कुणी सांभाळायचं नाही.

हे सगळं मी त्या आठवड्यात स्वतःला शंभर वेळा सांगितलं. मंगळवारी सर होते. मी त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. आत पालक बसले होते. नंतर देऊ म्हटलं. बुधवारी सर तासावर होते. गुरुवारी मी ठरवून टाकलं की आज द्यायचाच, आणि घरून निघताना अर्ज घरीच विसरले. खरंच विसरले की काय, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

गुरुवारी संध्याकाळी यजमान जेवायला बसले असताना मी म्हणाले, "कदाचित इथली जागा कायम मिळेल."

त्यांनी घास हातातच धरला. "कायम? आनि ती बाई?"

"ती येणार नाही बहुतेक."

"का गं?"

"पोर आजारी आहे तिची."

"आरं आरं," ते म्हणाले. भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "वाईटच झालं. पण मग पिंकीला हितल्याच बालवाडीत घालूया का? बाजूच्या घरातली पोरगी जाती." पिंकी भिंतीला टेकून ऐकत होती. ती उठून माझ्या मांडीवर येऊन बसली. मी नवऱ्याला अर्जाविषयी काही सांगितलं नाही. तो सरळ माणूस होता. त्यानं तिथल्या तिथं मला सरांच्या घरी पाठवलं असतं.

शुक्रवारी संक्रांतीची सुट्टी होती. शनिवारी सकाळची शाळा. अर्ज पर्समध्ये होता. साडेअकराला शाळा सुटली आणि शिपायानं येऊन सांगितलं, सरांनी बोलावलंय.

कुरणे सरांच्या पुढं मस्टर उघडं होतं. चौगुले बाईंच्या नावापुढं पाच चौकोन रिकामे. शुक्रवारच्या चौकोनात सगळ्यांच्या नावापुढून एक आडवी रेघ गेली होती.

"बसा," सर म्हणाले. "रविवारी तुम्ही गडहिंग्लजला जाऊन आलात म्हणे."

"हो सर. बाळाला बघायला."

"कसं आहे?"

"अशक्त आहे फार. पण दूध पितंय."

"बरं झालं." त्यांनी चष्मा काढला. "काही दिलं का हो तिनं तुमच्याजवळ? अर्ज, चिठ्ठी, काहीही? चार ओळी असल्या तरी चालतील."

पर्स माझ्या मांडीवर होती. त्या क्षणी सगळं निभावून गेलं असतं. 'अगं बाई, विसरलेच की,' म्हणून मी कपाळाला हात लावला असता, तर सर हसले असते आणि पुढच्या महिन्यात मी ट्रंक भरली असती. मला ते शब्द सुचलेसुद्धा होते.

"नाही सर," मी म्हणाले. "पोस्टानं पाठवते म्हणाल्या."

"पोस्टानं?" सरांचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा मी विसरू शकत नाही. "मग आज यायला पाहिजे. काल सुट्टी होती पोस्टाला. थांबू आपण पोस्टमन येईपर्यंत."

आपण म्हणाले, म्हणून मला उठता येईना. शाळा रिकामी झाली. शिपाई वर्गांना कड्या लावत फिरत होता. सरांनी ड्रॉवरमधून तिळगुळाची पुडी काढली, माझ्या हातावर दोन वड्या ठेवल्या.

"घ्या, गोड बोला."

मी वडी तोंडात टाकली. सर मस्टरकडं बघत बोलत होते, जरा माझ्याशी आणि जरा स्वतःशी.

"चेअरमनना मी स्पष्ट सांगितलंय, खाडे बाई. बाळंतपणाच्या रजेवरच्या बाईला काढता येत नाही. कायद्यानं तिची जागा तिची. तुम्ही चेअरमन असा, नाहीतर आणखी कोण. वर बाळ आजारी म्हणून ती रजा वाढवून मागत असेल, तर मी मंजूर करणार, आणि मग बघू कोण हात लावतो ते. पण ती रजेवर आहे हे कागदावर दिसायला पाहिजे की नको? कागद नसला तर ती रजेवर नाही, नुसती गैरहजर. मग माझे हात बांधले जातात."

"तुम्ही स्वतः जाऊन आला असता तर?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे. मला वाटतं, त्यांनी हो म्हणावं अशी माझी अर्धी इच्छा होती.

"गेलो असतो. पण रिपोर्ट आज संध्याकाळी पाच वाजता त्यांना हातात पाहिजे. उद्या सकाळी मीटिंग. दोन एसट्या बदलून मी कधी जाणार आणि कधी येणार?" ते खिडकीपाशी गेले. "ही पोरगी अशी नाही हो. कधी एक तास चुकवला नाही तिनं. आठव्या महिन्यात असती तरी मुलांना घेऊन ओढ्यावर शेवाळ दाखवायला गेली असती. ती अर्ज पाठवणार नाही असं होणार नाही."

साडेबाराला पोस्टमन आला. सर पायऱ्या उतरून त्याला सामोरे गेले. मी खुर्चीतून बघत होते. पोस्टमननं एक सरकारी मासिक आणि एक पोस्टकार्ड दिलं. सरांनी त्याच्या पिशवीत वाकून बघितलं. पोस्टमननं मान हलवली. तरी सरांनी त्याला पुन्हा एकदा विचारलं असावं, कारण त्यानं सगळा गठ्ठा काढून पायरीवर ठेवला आणि दोघं मिळून एकेक पाकीट उलटून बघू लागले.

मी तेवढ्या वेळात उठून अर्ज मस्टरमध्ये ठेवू शकत होते. खोलीत कुणी नव्हतं. मासिकाबरोबर आला असेल, आधीच येऊन पडला असेल, काहीही म्हणता आलं असतं. मी पर्सची चेन उघडली. कागदाची कड बोटाला लागली. मग पायऱ्यांवर सरांची पावलं वाजली आणि मी चेन लावली. ती पावलं फार हळू येत होती, मला भरपूर वेळ होता.

सर खुर्चीत बसले. लाल पेनचं टोपण काढलं. पाच वेळा लिहिलं, सावकाश, अक्षर चुकू नये तसं. मग मला म्हणाले, "जा तुम्ही. उगाच तुम्हाला उशीर झाला."

घरी येऊन मी बंबात ढलप्या घातल्या आणि अर्ज त्यात टाकला. टाकायच्या आधी वाचला. बाळाच्या आजाराचं चार ओळींत, दाखल्याचा नंबर, आणि शेवटी, 'माझ्या अनुपस्थितीत सौ. खाडे बाई वर्ग उत्तम सांभाळत असून विद्यार्थ्यांचे नुकसान होणार नाही, याची मला खात्री आहे.' हे अर्जात लिहायची काही गरज नव्हती. माझी ऑर्डर वाढावी म्हणून त्यांनी ते मुद्दाम घातलं होतं. त्या दिवशी बंबाचं पाणी चांगलं कढत झालं. मी पिंकीला न्हाऊ घातलं.

या सगळ्याला तीस वर्षं झाली. गेल्या जूनमध्ये मी त्याच शाळेतून निवृत्त झाले, शाल-श्रीफळ घेऊन. कायमची ऑर्डर मिळाल्यावर तिसऱ्या वर्षी मला मुलगा झाला. भरपगारी रजा मिळाली, सगळं जागच्या जागी. परत आले तेव्हा माझी खुर्ची माझी होती, आणि एक बदली बाई ट्रंक भरत होती. कुरणे सर शेवटपर्यंत माझ्याशी वाकडं बोलले नाहीत. फक्त त्या शनिवारनंतर त्यांनी माझ्याबरोबर कुणाला निरोप पाठवला नाही की कुणाचा कागद माझ्या हाती दिला नाही. मी गडहिंग्लजला निघाले आहे हे माहीत असलं, तरी ते शिपायाला वेगळा पाठवायचे. चौगुले बाईंची केस कधी उभीच राहिली नाही. त्या पुढं कुणाच्या तरी बालवाडीत मुलं सांभाळायच्या, असं ऐकलं. केस का उभी राहिली नाही, ते सांगायचं आहे म्हणूनच हे लिहायला घेतलं.

फेब्रुवारीच्या अखेरीस, एका रविवारी दुपारी, चौगुले बाई माझ्या खोलीवर आल्या. कडेवर शालीत गुंडाळलेली मुलगी. मी दार उघडलं. आता ही चारचौघांत माझी अब्रू काढणार, असं वाटलं. खरं सांगते, भीतीबरोबर थोडं हायसंही वाटलं होतं.

"हिला धरा जरा," त्या म्हणाल्या आणि मुलगी माझ्या हातात दिली.

मुलगी वजनाला बरी लागली. गालावर तीट होती. मी तिला घेऊन खाटेवर बसले, बाई समोर चटईवर बसल्या. वाळल्या होत्या खूप.

"बरी आहे आता?"

"बरी हाय. नाव ठेवलं, सुप्रभा." मग त्यांनी एकदम सुरुवात केली. "मला नोटीस आली, तुम्हाला कळलंच असंल. मी शाळेत जाऊन आले. सर म्हणतात, तुमचा अर्जच आला न्हाई."

मी मुलीची शाल सारखी करत राहिले.

"मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिले. एवढा देवमाणूस समजत होते मी त्यांना. आणि वर म्हणतात काय, तुम्ही पोस्टानं पाठवणार होता ना? पोस्टाचं ह्यांनी कुठनं काढलं? मी कधी म्हटलं पोस्टानं? चेअरमनना भ्याले आणि माझा अर्ज दाबला, सरळ हाय की."

"मग तुम्ही काय म्हणालात?" माझा आवाज मला परका वाटला.

"काय म्हणणार? तुमचं नाव ओठावर आलं होतं. पण घेतलं न्हाई. म्हटलं, खाडे बाईंनी अर्ज दिला हे त्यांना चांगलं ठाऊक हाय. मी नाव घेतलं तर उद्या तुम्हालाच दमात घेतील, दिला न्हाई म्हणून लिहून द्या म्हणतील. म्हणून गप उठून आले."

त्या गप्प उठून आल्या होत्या, मला वाचवायला.

"कोल्हापूरचे एक वकील गाठलेत," त्या सांगू लागल्या. "ते म्हणतात, शाळा न्यायाधिकरणात जाऊ. रजेवरच्या बाईला काढलं हे दाखवता आलं, तर झक मारत परत जागेवर घ्यावं लागतं. फक्त रजा मागितली होती ह्याला आधार पाहिजे. नक्कल मी ठेवली न्हाई, पोहोच आपण कधी घेतच न्हाई. साक्षीदार तेवढ्या तुम्ही." पिशवीतून त्यांनी एक कागद काढला. "वकिलांनीच मजकूर करून दिलाय. वाचून बघा. आमच्या ह्यांची गिरणी बंद होऊन वर्ष झालं, बाई. घर माझ्या नोकरीवर होतं. न्हाईतर मी तुम्हाला त्रास दिला नसता."

एका हातावर मुलगी घेऊन मी वाचलं. 'मी, सौ. उज्ज्वला दिनकर खाडे, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की, सौ. चौगुले यांनी माझ्याजवळ दिलेला रजावाढीचा अर्ज मी दिनांक दहा जानेवारी रोजी मुख्याध्यापकांच्या हाती दिला.' खाली सहीसाठी जागा सोडली होती.

हे मी कसं लिहू, असं मला वाटलं. हे तर खोटं आहे. कुरणे सर बिचारे त्या दिवशी पोस्टमनच्या पिशवीत वाकून बघत होते. इतकं सगळं करून बसल्यावर मला अचानक खऱ्याची चाड आली. आणि खरं लिहायचं, तर तेही याच कागदाच्या पाठीमागं लिहिता आलं असतं. दोन ओळी लागल्या असत्या. त्या दोन ओळींनी चौगुले बाई सोमवारी वर्गात उभ्या राहिल्या असत्या.

बाहेर पिंकी शेजारच्या मुलीबरोबर सागरगोट्या खेळत होती. हरल्याबद्दल भांडत होती. पहिल्यांदाच ती कुणाशी भांडत होती.

"बाई, माझी ऑर्डर..." मी म्हणाले.

एवढंच म्हणाले. वाक्य मला पुरं करता येईना. पण चौगुले बाईंनी ते त्यांच्या पद्धतीनं पुरं केलं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या, मग दाराबाहेर पिंकीकडं बघितलं, आणि त्यांचा चेहराच बदलला.

"व्हय की," त्या हळूच म्हणाल्या. "मी परत आले की तुम्ही घरी बसणार. संस्थेच्या विरुद्ध सही केली तर जिल्ह्यात कुठली शाळा तुम्हाला दारात उभी करणार न्हाई. आणि ते तुमच्याच हातनं लिहून मागायला आले मी. माझं डोकंच ठिकाणावर न्हाई बघा." त्यांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला.

"तसं नाही..."

"तसंच हाय. सहा वर्षं तुम्ही गावोगाव फिरताय. तुमचं बाळंतपण कुणी बघितलं न्हाई, मला सांगितलं होतं तुम्ही. आणि मी आपलं माझंच घेऊन बसले." त्यांनी कागदाची घडी घातली, आणखी एक घातली, आणि तो पिशवीच्या तळाशी सारला. "बघू. वकिलांना म्हणते, दुसरं काही निघतं का."

दुसरं काही निघणार नव्हतं. ते मला ठाऊक होतं आणि मला वाटतं त्यांनाही.

मी चहा ठेवते म्हणाले. नको म्हणाल्या, तीनची एसटी होती. मुलीला घ्यायला त्या माझ्यापाशी आल्या. मुलीनं माझ्या पदराची कड मुठीत धरली होती, ती सोडवायला जरा वेळ लागला. मी काही बोलेन म्हणून मी स्वतःच वाट बघत होते. शब्द तर होते.

उंबऱ्यात चपला घालताना त्या थांबल्या.

"बाई, मनात ठेवू नका. मी असं मागायला यायला नको होतं. तुम्ही त्या दिवशी एवढ्या लांब पोरीला बघायला आलात, माझं काम केलंत, आणि मी तुम्हालाच अडचणीत घालायला निघाले." त्यांचे डोळे भरले होते. "मला माफ करा."

माझ्यासमोर त्या उभ्या होत्या, कडेवर पोर, आणि मी काय म्हणते याची वाट बघत होत्या.

"असू दे हो, बाई," मी म्हणाले. "मी नाही मनात धरलं."

त्यांना बरं वाटलं. त्यांनी मुलीचा हात धरून माझ्याकडं टाटा करायला लावला, आणि फाट्याच्या दिशेनं चालू लागल्या.